कोलंबस, इंडियाना : इंजिनांच्या गावातली वास्तू

कमिन्स हे नाव पुणेकरांना नव्याने सांगावं लागत नाही. कोथरूडचा कारखाना, कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि आमच्या पिढीतल्या अर्ध्या सोसायटीच्या तोंडी असलेलं ‘किर्लोस्कर कमिन्स’. १९६२ साली किर्लोस्करांचा हात धरून पुण्यात आलेली ही डिझेल इंजिनांची कंपनी मुळात ज्या गावची, ते म्हणजे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस. ओहायोतल्या मोठ्या कोलंबस शहराशी याचा काही संबंध नाही. हे आपलं पन्नास हजार वस्तीचं, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेलं गाव.

माझा भाचा तिथे इंजिनांच्या चाचणी विभागात आहे. “मावशी, न्यूयॉर्क-शिकागो सगळेच बघतात, तू एकदा आमच्याकडे ये,” असं तो बरीच वर्षं म्हणत होता. १९९१ साली अमेरिकन आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय संस्थेने वास्तुकलेच्या दृष्टीने देशातल्या शहरांची जी क्रमवारी लावली, तिच्यात हे चिमुकलं गाव शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि वॉशिंग्टनच्या मागोमाग सहाव्या क्रमांकावर होतं. हे वाचल्यापासून मलाही ओढ लागली होतीच. ऑक्टोबरात पानं रंगायला लागतात तेव्हा जायचं ठरवलं.

गुरुवार

इंडियानापोलिसच्या विमानतळावरून दक्षिणेकडे तासाभराचा रस्ता. कापणीला आलेली शेतं, मधूनच धान्याचे उंच गोल कोठारं, आणि सपाट, सपाट जमीन. मग महामार्गावरून गावाकडे वळायच्या जागी एकदम एक भली मोठी लाल कमान दिसते. ती पुलाचीच आहे. थोडं पुढे गेल्यावर व्हाइट नदीवरचा दुसरा पूल येतो, तोही लाल, तारांनी तोललेला. दोन्ही बाजूंच्या तारा वर एकत्र येतात आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध जुन्या न्यायालयाचा मनोरा उभा राहतो. पूल बांधणाऱ्यांनी ही रेघ मुद्दाम साधली आहे. गावात शिरणाऱ्या माणसाचं स्वागत कसं व्हावं याचा विचार पुलाच्या आराखड्यातच केलेला पाहून मला फार बरं वाटलं. भाच्याने न सांगताच गाडी हळू केली होती.

सामान टाकलं, चहा घेतला आणि उजेड आहे तोवर न्यायालयाकडे गेलो. बार्थोलोम्यू काउंटीचं हे न्यायालय १८७४ सालचं, आयझॅक हॉजसन या आर्किटेक्टचं. लाल विटा, उतरतं छप्पर, घड्याळाचा मनोरा. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत चौकात असं न्यायालय असतं, त्यामुळे त्याच्यापाशी फार थांबले नाही. थांबले ते त्याच्या आवारातल्या स्मारकापाशी.

काउंटीतल्या युद्धात गेलेल्या सैनिकांचं हे स्मारक १९९७ सालचं. चाळीस फूट उंचीचे पंचवीस चौकोनी खांब, पाच ओळींत पाच-पाच. खांब इंडियानाच्याच चुनखडीच्या दगडाचे. हा दगड इथून जवळच, बेडफर्ड आणि ब्लूमिंग्टनच्या खाणींतून निघतो. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंगही याच दगडाने मढवली आहे. बाहेरून पाहिलं तर खांबांचं एक दाट रान वाटतं. खांब बाहेरच्या बाजूने खडबडीत आहेत आणि आत शिरलं की गुळगुळीत होतात. त्या गुळगुळीत बाजूंवर सैनिकांची पत्रं कोरली आहेत, घरी लिहिलेली, आई-वडिलांना, बायकोला.

मी वाचत गेले. चालताना अंगाला दोन्ही बाजूंनी खांब लागतात की काय इतकी जवळीक आहे, म्हणून एका वेळी एकच माणूस एका पत्रासमोर उभा राहू शकतो. अक्षरं छोटी आहेत, त्यामुळे जवळ जावंच लागतं. वरचा भाग वाचायला मान उंच करावी लागते आणि मग खांबांच्या मधून फक्त आकाशाचे चौकोन दिसतात. जेवणाची चौकशी, शेतातल्या कामाची चौकशी, ‘काळजी करू नका’ असा धीर. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. वीरांची स्मारकं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण घोडा, तलवार, तोफ यांतलं काहीही न मांडता गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवणारं असं स्मारक क्वचितच.

शुक्रवार

भाच्याने सकाळी कामावर जाताना मला कंपनीच्या मुख्य कार्यालयात नेलं. दर्शनी दालन आणि तिथलं छोटं संग्रहालय पाहायला बाहेरच्या माणसांना मोकळीक आहे. इमारत केव्हिन रोश यांची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. लांबलचक, ठेंगणी, बाहेरून वेलींनी झाकलेली. मला आवडली ती तिची एक गोष्ट. आवारात एक जुनी विटांची धान्य-गिरणी होती, सीरियलाइन नावाची. ती पाडायची सोडून नवी इमारत तिच्याभोवती वळवून घेतली आहे. कंपनीचे सुरुवातीचे दिवस त्या गिरणीत गेले होते.

दालनात एक डिझेल इंजिन सुटं सुटं करून हवेत टांगलं आहे. पिस्टन, दांडे, झडपा, नट-बोल्ट, सगळं आपापल्या जागेपासून थोडं थोडं दूर सरकवलेलं, जणू इंजिनाने श्वास भरून घेतला आणि तिथेच वेळ थांबली. रुडॉल्फ डी हॅरक यांची ही रचना. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण त्याच्याखाली उभं राहून एकेक भाग पाहताना कोणता भाग कशात बसतो ते आपोआप उमगत जातं. भाच्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो अभिमान होता, तो मी त्याच्या पदवीदान समारंभातही पाहिला नव्हता.

तिथेच १९३१ सालची एक शर्यतीची गाडी आहे. त्या वर्षीच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत ही डिझेल गाडी पाचशे मैल एकदाही न थांबता धावली आणि तेराव्या क्रमांकावर आली. आधी कुणीच ती शर्यत न थांबता पुरी केली नव्हती. ही गाडी क्लेसी कमिन्स यांची. हे गृहस्थ गावातल्या आयर्विन या सावकार घराण्याचे मोटारचालक आणि मेकॅनिक. डिझेल इंजिनाचं वेड लागलेल्या या चालकाला मालकाने, म्हणजे विल्यम आयर्विन यांनी, भांडवल दिलं आणि १९१९ साली कंपनी निघाली. पहिली कित्येक वर्षं ती तोट्यातच होती. तरी आयर्विन पैसे घालत राहिले. पुढे त्यांच्या भाचीचा मुलगा, ऑक्सफर्डहून शिकून आलेला जे. आयर्विन मिलर, १९३४ साली कारभार पाहू लागला.

या गावातली जी काही कथा आहे ती या मिलर यांच्यापाशी येऊन थांबते. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या, आणि घाईघाईने बांधलेल्या शाळा कशाबशा उभ्या राहू लागल्या. बाहेरून चांगले इंजिनिअर या आडगावात यावेत, टिकावेत, तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी. म्हणून १९५० च्या दशकात मिलर यांनी शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: कमिन्सच्या प्रतिष्ठानने दिलेल्या नामवंत आर्किटेक्टांच्या यादीतून तुम्ही कुणीही निवडा, त्याची फी प्रतिष्ठान भरेल. बांधकामाचा खर्च मात्र गावाचा आणि निर्णयही गावाचाच. १९५७ साली हॅरी वीस यांची लिलियन श्मिट शाळा झाली. योजना इतकी रुजली की पुढे अग्निशमन केंद्रं, टपाल कार्यालय, नगर सभागृह, सगळ्या सार्वजनिक इमारतींना ती लागू झाली.

या प्रस्तावातलं शहाणपण मला पुनःपुन्हा जाणवत राहिलं. मिलर यांना हवं असतं तर त्यांनी स्वतःच्या पैशाने शाळा बांधून स्वतःच्या नावाची पाटी लावली असती. त्याऐवजी त्यांनी गावाला निवड करायला लावलं. ज्या शाळा मंडळातल्या लोकांनी तोवर फक्त कंत्राटदाराचे दर पाहिले होते, त्यांना बसून नकाशे वाचावे लागले, आर्किटेक्टला प्रश्न विचारावे लागले. अशी सवय एकदा लागली की जात नाही.

दुपारी वॉशिंग्टन रस्त्यावरून हिंडले. भाच्याची बायको सोबत होती. १९५४ सालची आयर्विन युनियन बँक हे एरो सारिनेन यांचं काम, पुढे ती कंपनीचं सभागृह झाली. सारिनेन हे सेंट लुइसची कमान आणि न्यूयॉर्कच्या विमानतळावरचं पंख पसरलेलं टर्मिनल उभारणारे. पण ही बँक म्हणजे काचेची बैठी, एकमजली खोली, झाडांच्या सावलीत. छपरावर नऊ घुमट आहेत, आपण उलट्या घालून ठेवलेल्या कढयांसारखे. त्या काळच्या बँका म्हणजे दगडी खांब, पितळी जाळ्या, जाळीपलीकडे रोखपाल. शेतातून आलेल्या माणसाने दारातच बिचकावं असा थाट. इथे जाळ्याच नव्हत्या. रस्त्यावरून आत कोण काय करतंय ते दिसावं, बँकेतल्या माणसाची भीती वाटू नये, असं मिलर आणि सारिनेन या दोघांना वाटत होतं. १९५४ साली हे किती धाडसाचं होतं याची आज कल्पना येणं कठीण, कारण आता सगळ्याच बँका काचेच्या असतात.

जवळच ‘द रिपब्लिक’ या गावच्या वर्तमानपत्राची इमारत. मायरन गोल्डस्मिथ, १९७१. पांढरी, सरळ, काचेची. छापखाना दर्शनी काचेमागे ठेवला होता, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला आपलं वर्तमानपत्र छापताना दिसे. आता वर्तमानपत्र तिथून गेलं आहे आणि इंडियाना विद्यापीठाचा आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम तिथे चालतो. काचेतून पाहिलं तर मुलं पुठ्ठ्याच्या प्रतिकृती कापत बसली होती. काचेआड माणसं कामात दिसतात, ते अजून तसंच आहे.

कॉमन्स नावाच्या सार्वजनिक दालनात शिरलो ते मुख्यतः जीन टिंगली यांचं ‘केऑस वन’ हे यंत्रशिल्प पाहायला. स्वित्झर्लंडच्या या कलाकाराने १९७४ साली भंगार लोखंडातून तीस फूट उंच, सात टनांचं हे धूड उभं केलं. ते ठरावीक वेळी चालू होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा चार-पाच लहान मुलं आधीच खाली मांडी घालून बसली होती. आधी काही घडत नाही. मग एक चाक करकरतं, एक दांडा वर जातो, वरून एक लोखंडी गोळा सुटतो आणि रुळावरून गडगडत खाली येतो. दुसरा, तिसरा. एक लांब हात आपल्याच तालात डोलायला लागतो. मुलं प्रत्येक गोळ्याबरोबर “ये, ये” करत ओरडत होती. आम्हीही तिथून हललो नाही, अख्खा खेळ संपेपर्यंत. मूळ कॉमन्स १९७३ साली सेझर पेली यांनी बांधलं होतं. ते पुढे पाडून २०११ साली नव्याने बांधलं, पण या शिल्पाची जागा सुटली नाही.

संध्याकाळी झाहाराकोस. ग्रीसहून आलेल्या भावांनी १९०० साली काढलेलं हे आइस्क्रीमचं दुकान. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पाहिलेली ओनिक्स दगडाची सोडा फाउंटनं आजही काउंटरवर झळाळत आहेत. मागे एक उंच, नक्षीदार कपाट आहे. ते जर्मनीत बनवलेलं स्वयंचलित वाद्य, १९०८ पासून इथलं. कागदाच्या छिद्रांच्या गुंडाळीवर बासऱ्या, ढोल, घंटा एकदम वाजतात. मधल्या काळात दुकान बंद पडलं तेव्हा हे वाद्य विकलं गेलं होतं. पुढे गावातल्याच एका उद्योजकाने दुकान घेतलं, बारकाईने दुरुस्त केलं, वाद्य शोधून परत आणलं आणि २००९ साली दारं पुन्हा उघडली. आम्ही रूट बिअर फ्लोट, म्हणजे शीतपेयात घातलेलं आइस्क्रीम, मागवला. तो मला फार गोड लागला, पण त्या वाद्याने वॉल्ट्झ सुरू केला तेव्हा शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं उठून दोन पावलं नाचलं.

शनिवार

मिलर हाऊसची सहल आधी नोंदवून ठेवली होती. फिफ्थ आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पर्यटन केंद्र आहे, १८६४ सालच्या घरात, आणि तिथून छोट्या बसने नेतात. इथे येणाऱ्याने बाकी काही ठरवलं नाही तरी ही तिकिटं मात्र आधी काढावीत. जागा कमी असतात.

मिलर कुटुंबाचं हे घर १९५७ साली पुरं झालं. घर एरो सारिनेन यांचं, आतली सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची, बाग डॅन कायली यांची. तिघेही आपापल्या क्षेत्रात पहिल्या रांगेतले. झिनिया आणि आयर्विन मिलर, त्यांची पाच मुलं, सगळे इथे राहिले. आयर्विन २००४ साली गेले, झिनिया २००८ साली. मग मुलांनी हे घर इंडियानापोलिसच्या कला संग्रहालयाला दिलं आणि २०११ पासून ते लोकांसाठी खुलं झालं.

रस्त्यावरून घर दिसतच नाही. आत गेल्यावरही पहिल्यांदा काही भव्य वाटत नाही, बैठं घर आहे. पण दिवाणखान्यात पाऊल टाकलं की डोळे वर जातात. छताला काचेच्या पट्ट्यांची जाळी आहे, खांबांवरून खांबांकडे जाणारी, आणि भर दिवसा सगळा उजेड त्या पट्ट्यांतून गाळून खाली येतो. भिंतींवर पांढरा संगमरवर, जमिनीवर ट्रॅव्हर्टिनचा दगड. मध्ये जमिनीत खाली उतरवलेला चौकोनी खड्डा आहे, त्यात बसायच्या गाद्या आणि असंख्य उशा. अमेरिकेतल्या घरांत अशा बैठकीचा जो प्रघात पडला, त्याचा हा सगळ्यांत गाजलेला नमुना. जिरार्ड यांनी उशांच्या अभ्र्यांचे दोन संच केले होते, हिवाळ्याला लाल-नारिंगी गडद, उन्हाळ्याला फिकट. मला ही गोष्ट फार घरगुती आणि प्रेमाची वाटली. पायऱ्या उतरून माणसं एका पातळीवर बसतात, बाजूने जाणारा त्यांच्या डोक्यावरून पाहतो, आणि बाहेरची हिरवळ नजरेला सलग मिळते.

एका भिंतीवर पन्नास फूट लांबीचं कपाट आहे. त्यात पुस्तकं, भांडी आणि जिरार्ड यांनी जगभरातून गोळा केलेली लोककलेची लहान लहान खेळणी. जेवणाचं टेबल गोल, मधोमध कारंजं. खुर्च्यांच्या गाद्यांवर झिनियाबाईंनी स्वतः भरतकाम केलं आहे, प्रत्येकीवर घरातल्या एकेका माणसाची आद्याक्षरं. लक्षाधीशांच्या घरात मी कमळं, सिंह, राजमुद्रा पाहिल्या आहेत. इथे आईने मुलांच्या नावांची अक्षरं भरली आहेत, आणि त्याच्यावर बसून मुलं रोज जेवली.

घराच्या पश्चिमेला हनी लोकस्टच्या झाडांची दुहेरी रांग आहे. ऑक्टोबरात त्यांची बारीक पानं पिवळी होतात. आम्ही तिथून चालत होतो तेव्हा पानं पडायला लागली होती आणि खडीवर पिवळा थर साचला होता. एकेकाळी रांगेच्या टोकाला हेन्री मूर यांचं शिल्प होतं. पुढे उतारावर गवताळ पट्टा, आणि त्याच्याही खाली फ्लॅटरॉक नदी. कायली यांनी झाडांच्या आणि कुंपणांच्या रांगांनी बागेच्या खोल्या केल्या आहेत, एकीतून दुसरीत जायचं. घराच्या भिंती कुठे संपल्या आणि बागेच्या कुठे सुरू झाल्या, ते कळत नाही. आमच्याबरोबरच्या गटात आर्किटेक्चरचे दोन विद्यार्थी होते. ते झाडांमधलं अंतर पावलांनी मोजत होते. मीही मोजलं असतं.

दुपारी फिफ्थ रस्त्यावर परत. एकाच चौकात इकडे क्लिओ रॉजर्स स्मारक ग्रंथालय, तिकडे फर्स्ट ख्रिश्चन चर्च, आणि मध्ये मोकळा प्रांगण. ग्रंथालय आय. एम. पेई यांचं, १९६९ सालचं, लाल विटांचं. पॅरिसच्या लूव्रमधला काचेचा पिरॅमिड बांधणारे हेच पेई. इथे त्यांनी पुस्तकांइतकाच विचार मोकळ्या जागेचा केला. गावाला पटवून एक रस्ता बंद करायला लावला आणि तो प्रांगणात मिसळून टाकला. प्रांगणात हेन्री मूर यांची ‘लार्ज आर्च’ ही वीस फुटी कांस्य कमान आहे, १९७१ सालची, मिलर दांपत्याने दिलेली. ती खरं म्हणजे आतून चालण्यासाठीच आहे. दोन मुलं तिच्यातून सायकली पुढे-मागे नेत होती. कुणी ओरडत नव्हतं. मला हेच सगळ्यांत आवडलं. जगातल्या मोठ्या शिल्पकाराचं काम, आणि त्याच्याभोवती ना दोरी ना पाटी.

ग्रंथालयात शिरून तासभर बसले. शनिवारची दुपार, आजी-आजोबा, गृहपाठ करणारी मुलं. एका खिडकीतून समोरच्या चर्चचा मनोरा पूर्ण दिसतो.

रविवार

तो मनोरा आज आतून पाहायचा होता. म्हणून सकाळी आम्ही चर्चच्या प्रार्थनेलाच गेलो. कुणी विचारपूस केली नाही, दारातल्या बाईंनी हसून गीतांचं पुस्तक हातात दिलं.

फर्स्ट ख्रिश्चन चर्च एलियल सारिनेन यांचं, म्हणजे एरो यांच्या वडिलांचं, १९४२ सालचं. अमेरिकेत आधुनिक पद्धतीने बांधलेल्या पहिल्या काही चर्चपैकी हे एक. बांधकाम समितीचं काम मिलर यांच्या आईने, नेटी स्वीनी मिलर यांनी पाहिलं. त्या काळच्या अमेरिकन गावांत चर्च म्हणजे गॉथिक कमानी, रंगीत काचा, टोकदार शिखर. इथे एक चौकोनी फिकट विटांचा ठोकळा आणि त्याच्या बाजूला, वेगळा उभा केलेला १६६ फुटी मनोरा. वरच्या टोकाजवळ विटांची जाळी आहे, घंटेच्या आवाजासाठी.

आत गेल्यावर जे जाणवतं ते म्हणजे इमारत डावीकडे-उजवीकडे सारखी नाही. एका बाजूला खांबांची रांग आणि तिच्यापलीकडे ठेंगणी बाजू, दुसऱ्या बाजूने उंच खिडक्यांतून उजेड. क्रूसही मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेला आहे. त्यामुळे नजर थेट समोर खिळत नाही, फिरत राहते. बाजूच्या भिंतीवर मोठं विणलेलं चित्र आहे, ‘डोंगरावरचं प्रवचन’. ते एलियल आणि त्यांची पत्नी लोया यांनी रेखाटलं. आतल्या लाकूडकामात चार्ल्स ईम्स यांचाही हात आहे, ज्यांच्या खुर्च्या पुढे जगभर गेल्या. तेव्हा ते सारिनेन यांच्याकडे काम करणारे तरुण होते.

प्रार्थनेनंतर एका वृद्ध सभासदाशी बोलणं झालं. ऐंशी वर्षांत मनोऱ्याच्या विटा आणि दगड खराब झाले होते, आणि गेल्या काही वर्षांत गावाने पैसे उभे करून तो वरपासून खालपर्यंत दुरुस्त केला. त्यांनी मला मनोऱ्याच्या पायथ्याशी नेलं आणि नव्या विटा कुठल्या ते हात लावून दाखवलं. रंग इतका जुळवला आहे की मला स्वतःहून ओळखता आल्या नसत्या.

पुढे मेबल मॅकडोवेल शाळेवरून गेलो. जॉन कार्ल वॉर्नेकी, १९६०. चार कौलारू पंख, मध्ये अंगण, एका पंखातून दुसऱ्यात जायला झाकलेली वाट. लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर सगळं बेतलेलं. आता तिथे प्रौढांचे वर्ग चालतात, आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत ती आहे. चार नंबरचं अग्निशमन केंद्रही रस्त्यात लागलं. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी ते १९६७ साली आखलं. पाण्याचे पाइप वाळवायचा गोल मनोरा पुढे काढून त्यावर मोठा ‘४’ लिहिला आहे. तो दुरून दिसतो आणि त्याचं काम होतं. वर्षानुवर्षं इथले जवान इथेच राहतात, जेवतात आणि गाड्या धुतात.

शेवटी नॉर्थ ख्रिश्चन चर्च. एरो सारिनेन यांचं शेवटच्या काळातलं काम. ते १९६१ साली वारले आणि चर्च १९६४ साली पुरं झालं. षट्कोनी इमारत, मातीच्या भरावात अर्धी रुतलेली, आणि तिच्या मधोमध छप्पर वर ओढत ओढत एकशे ब्याण्णव फुटी शिखर बनतं. टोकाला सोनेरी क्रूस. आत प्रभुभोजनाचं मेज मध्यभागी, भक्त त्याच्या भोवती बसत, आणि प्रकाश बरोब्बर शिखराच्या पायथ्यातल्या खिडकीतून खाली पडे. सारिनेन यांनी एका पत्रात लिहिलं होतं की, स्वर्गाच्या दारात संत पीटरसमोर उभं राहावं लागलं, तर आयुष्यभर केलेल्या कामांतलं सर्वांत चांगलं एक म्हणून हे छोटं चर्च आपल्याला सांगता यावं.

२०२२ साली इथली मंडळी विसर्जित झाली. सभासद उरलेच नव्हते एवढे, आणि एवढं मोठं छप्पर सांभाळणं झेपेना. त्यापुढे काय, हा गावासमोरचा खरा प्रश्न होता. बिल्डरला विकून सुटका करून घेणं सगळ्यांत सोपं होतं. त्याऐवजी बार्थोलोम्यू काउंटीच्या ग्रंथालयाने ही वास्तू स्वीकारली. ग्रंथालयाच्या कामासाठी तिचं नवं रूप घडवण्याचं चाललं आहे. आम्ही गवतावरून तिच्याभोवती चक्कर मारली. कायली यांनी लावलेल्या झाडांच्या रांगा अजून भोवती आहेत. भाच्याची बायको म्हणाली, “आमचा लेक मोठा होईल तेव्हा तो इथे येऊन गृहपाठ करेल.” मनापासून तसंच व्हावं असं मला वाटतं.

नंतर भूक लागली होती, म्हणून मिल रेस पार्कमध्ये जाऊन घरून आणलेली थालीपीठं खाल्ली. नद्यांच्या संगमाकाठची ही जागा पूर्वी झोपड्यांची आणि कातड्याच्या कारखान्यांची होती. १९९२ साली मायकल व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांनी तिचं उद्यान केलं. पूर आला की ते पाण्याखाली जातं आणि पाणी ओसरलं की पुन्हा चालू होतं, अशाच हिशेबाने ते आखलं आहे. तिथल्या लाल मनोऱ्यावर चढलो. वरून गाव एका नजरेत आलं, न्यायालयाचा मनोरा, सेंट पीटर्स ल्युथरन चर्चचं तांब्याचं शिखर, आणि सगळ्यांच्या भोवती पिवळी-लाल झाडं.

जायचं असेल त्यांनी वर्ष निवडताना एक पाहावं. विषम वर्षांत उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत ‘एक्झिबिट कोलंबस’ हे प्रदर्शन भरतं. तेव्हा तरुण आर्किटेक्ट या जुन्या वास्तूंच्या अंगणात नवी कामं उभी करतात. कामं काही महिनेच असतात. पुढच्या विषम वर्षी ऑक्टोबरात जायचं असं भाच्याशी ठरवून ठेवलं आहे.